चकल्या अकरा, करंज्या चार

डोंबिवलीत आमचं पोळीभाजी केंद्र आहे. म्हणजे बोर्डावर तसं लिहिलंय. मी स्वतः जन्मभर चपातीच म्हणत आले. पण बोर्ड रंगवणारा म्हणाला, वहिनी, इथं चपाती लिहिलंत तर अर्धी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जातील. म्हणून पोळी. रोज चारशे लाटतो आम्ही दोघी-तिघी, आणि एकही कच्ची निघत नाही. कुणी काढून दाखवली तर त्याला दहा फुकट देईन, वर दोन शब्दही ऐकवीन.

हे आधी सांगितलं कारण माझा स्वभाव कळायला हवा. मी बोलते, आणि जास्त बोलते. वर्तकनगरला माहेरी सगळेच असे, तिथं हळू बोलणारा माणूस आजारी आहे असं धरायचे. नवरा उलटा. तो वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपला लेथवर आहे. दिवसभर मशीनचा आवाज कानात, त्यामुळे घरी आल्यावर बिचाऱ्याला शांतता हवी असते. लग्नाला वीस वर्षं झाली, अजून मिळालेली नाही.

आमची एकुलती एक लेक. तिच्याबद्दलच हे लिहितेय, आणि तिला विचारून लिहितेय. लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिनं पेन मारलं. एका ठिकाणी मी तिचं आताचं वजन लिहिलं होतं. "मम्मी, याचा काय संबंध?" म्हणाली. खरंच, काय संबंध? काढून टाकलं.

लहानपणी पोरगी म्हणजे नुसती आगगाडी. दहा वर्षांची असताना बिल्डिंगमधल्या एका मुलानं तिची वेणी ओढली. तो हिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. हिनं त्याला कमरेवर घेतला आणि पार्किंगमध्ये आडवा केला. त्याची आई भांडायला वर आली. मी तिला आधी बसवली, बटाट्याची भाजी आणि गरम चपाती वाढली, मग भांडलो. जाताना ती बाई डबा भरून घेऊन गेली. नवऱ्यानं संध्याकाळी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कुठून फेकलास? खांद्यावरून की कमरेवरून?" दुसऱ्या दिवशी तोच तिला मंडईच्या वरच्या हॉलमध्ये ज्युडोच्या क्लासला घेऊन गेला.

तेराव्या वर्षी तिची निवड झाली. सरकारचं निवासी क्रीडा केंद्र. कुठलं ते लिहीत नाही, एसटीनं तीन तास एवढं पुरे. राहणं, खाणं, शाळा, किट, सगळं सरकारी. गल्लीतल्या पोरांनी नाक्यावर तिचा बॅनर लावला, तिच्यापेक्षा मोठे फोटो पुढाऱ्यांचे, पण मधोमध ती. मी केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी तो बॅनर दाखवायचे आणि मग पोळ्या द्यायचे.

तिथले सर चाळिशीचे असतील. अगदी मऊ बोलणारे. आमच्यासमोर त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही, आणि मला तेच फार आवडलेलं. पहिल्या दिवशी पालकांची सभा होती. सर म्हणाले, घरचा नियम आणि इथला नियम एकच पाहिजे. मुली सुट्टीवर घरी येतील तेव्हा काय खाल्लं ते पालकांनी ग्रुपवर कळवायचं. लपवाल तर तुमच्याच मुलीचं नुकसान आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. मला मान हलवून कुठं भागतंय! मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "सर, माझ्याकडून एक दाणासुद्धा लपणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. निघताना एकेक पालक सरांच्या पाया पडला. त्यांच्याहून वयानं मोठ्या बायकासुद्धा वाकल्या. मीही वाकले. लेक बाजूला उभी राहून बघत होती.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी सरांनी तिला चव्वेचाळीस किलोच्या आतल्या गटात खेळवायचं ठरवलं. तिचं वजन सत्तेचाळीसच्या आसपास. अठ्ठेचाळीसच्या गटात त्यांची दुसरी मुलगी होती, म्हणून ही खाली. मला काय कळतंय त्यातलं? मी म्हटलं, तीन किलो म्हणजे कितीसं! माझ्याकडे तीन किलो कणीक तासाभरात संपते.

रविवारी भेटायला जायचो तेव्हा डबा न्यायला बंदी होती. गंमत बघा, अर्ध्या डोंबिवलीला मी खाऊ घालते, आणि पोटच्या पोरीला भेटायला जाताना हात रिकामे. पहिल्यांदा फार जड गेलं. मग सवय झाली. सवय झाली म्हणजे काय, मला त्याचा अभिमान वाटायला लागला. दुसऱ्या आया ओढणीखालून लाडू द्यायच्या, मी नाही. एकदा लेकीनं विचारलं, "मम्मी, काही आणलंस?" मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." किती ऐटीत म्हटलं मी ते! आता आठवलं की स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते.

त्या दिवाळीला तिला चार दिवस सुट्टी मिळाली. दिवाळी म्हणजे आमच्या केंद्रावर रणधुमाळी. पोळ्या निम्म्या करून फराळाच्या ऑर्डरी घेतो, दोन शेगड्या जास्तीच्या लावतो. माझ्याबरोबर पहिल्यापासून एक काकू आहेत. साठी उलटलेली, मागच्या चाळीत राहतात, बोलायला माझ्याहून कमी आणि हाताला माझ्याहून झटपट. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणत नाही. लेक आली ती बॅग टाकून थेट काकूंच्या कढईजवळ जाऊन बसली. काकू चकल्या तळत होत्या. मोडलेली चकली विकता येत नाही, ती काकू बाजूच्या परातीत टाकायच्या आणि पोरगी तिथून उचलायची. नंतर नंतर काकू मुद्दामच मोडायला लागल्या. मी बघितलं, पण बघितलं नाही असं केलं. पोरीच्या ओठांना तेल, गालाला भाजणीचं पीठ, एक पाय हलतोय, आणि काकूंना क्रीडा केंद्रातल्या मुलींच्या नकला करून दाखवतेय. कधी नव्हे ती काकू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. इतकं बरं वाटलं मला! असं वाटलं, सगळ्या ऑर्डरी रद्द कराव्यात आणि हिच्याच पुढ्यात तळत बसावं.

भाऊबीजेला सकाळी तिची एसटी होती. ती आंघोळीला गेलेली, तेव्हा मी फोन घेतला आणि ग्रुपवर लिहिलं. बाकीच्या पालकांनी लिहिलेलं: थोडा फराळ खाल्ला. किंवा: दिवाळीमुळे जरा जास्त. जरा म्हणजे किती? थोडा म्हणजे काय? आमच्या धंद्यात असं चालत नाही. किलोत चकल्या किती बसतात, एका करंजीत तूप किती जातं, मला झोपेतसुद्धा विचारा. मी व्यवस्थित लिहिलं. चकल्या अकरा, भाजणीच्या, तळलेल्या. करंज्या चार, साजूक तुपातल्या. चिवडा दोन वाट्या. शंकरपाळे मोजले नाहीत, अंदाजे मूठभर. खाली लिहिलं, सर, चूक माझी आहे, मी आवरलं नाही.

पाच मिनिटांत सरांचं उत्तर आलं. हात जोडलेली तीन चित्रं, आणि पुढं: आदर्श पालक. मी ते नवऱ्याला दाखवलं. मग केंद्रावर जाऊन काकूंना दाखवलं. काकूंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "पोराचं खाणं मोजू नये गं. नजर लागते." मी म्हटलं, "काकू, डोंबलाची नजर! हे सायन्स आहे."

लेकीनं तो मेसेज माझ्याच फोनवर वाचला. तिनं विचारलं, "मम्मी, तू अकरा लिहिलंस?"

"अकराच खाल्ल्यास ना?"

"हो," म्हणाली. बस, तेवढंच. बॅग उचलली आणि वडिलांबरोबर स्टँडवर गेली. तिच्या तोंडाचा रंग उतरलेला मला दिसला होता. मला वाटलं घर सोडून जाताना असं होतंच.

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी ठाण्याला एका हॉलमध्ये स्पर्धा होती. मी काकूंच्या हातात केंद्र दिलं आणि सकाळी सातला जाऊन बसले. नवरा शिफ्टमधून दोन तासांची सवलत काढून येणार होता. वजन घेण्याची खोली आत होती, तिथं पुरुषांना बंदी, आयांना चालत होतं. मी शोधत शोधत आत गेले. माझी लेक कोपऱ्यात उभी होती, हातात बाटली, आणि त्या बाटलीत थुंकत होती. सारखी थुंकत होती. मला वाटलं उलटी होतेय. जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला तर हाताला नुसत्या फासळ्या. "काय झालं गं?" तर म्हणाली, "काही नाही, शंभर ग्रॅम जास्त आहे." थुंकून वजन उतरवत होती. कालपासून पाणी प्यायली नव्हती.

तिनं कपडे बदलायला पँट काढली तेव्हा मांड्यांवर मागच्या बाजूला वळ दिसले. जुने, पिवळे-हिरवे पडलेले, एकाखाली एक. मी विचारलं, "हे काय?"

"पडले," म्हणाली.

शेजारी तिच्याहून लहान एक मुलगी बसून बुटांची नाडी बांधत होती. अकरा-बारा वर्षांची असेल. ती मान वर करून अगदी सहज म्हणाली, "मावशी, ते चकल्यांचे आहेत."

लेक तिच्यावर ओरडली, गप्प बस म्हणून. पण ती पोर कसली गप्प बसतेय! तिला वाटलं मला माहीतच असणार. तिनं सगळं सांगितलं. सुट्टीवरून आल्यावर सरांनी सगळ्यांना मैदानावर रांगेत उभं केलं. पालकांचे मेसेज मोठ्यानं वाचले. ज्यांच्या घरच्यांनी "थोडा फराळ" लिहिलेलं, त्यांना पाच फेऱ्या. "ताईची तर पूर्ण यादी होती ना," ती म्हणाली. दर चकलीला उड्या मारायच्या दोरीचा एक फटका. दर करंजीला, घाम निघावा म्हणून प्लास्टिकचं जॅकेट घालून, मैदानाला पाच फेऱ्या. आणि वजन उतरेपर्यंत रात्रीचं जेवण बंद, कोमट पाणी फक्त.

मी, जी दुधात पाणी घातलं म्हणून भय्याला भर रस्त्यात झापते, ती खाली पडलेल्या पँटच्या घड्या घालत बसले. मनात एकच फिरत होतं. मी "थोडा फराळ" लिहिलं असतं तर? दोन शब्द. सगळ्या बायकांना सुचले ते मला सुचले नाहीत.

मग आला राग. असा आला की काय सांगू. मी बाहेर जाऊन सरांना गाठलं आणि विचारलं, माझ्या पोरीला मारलंत? ते घाबरले असते, नाही म्हणाले असते, तर मी तिथंच त्यांची धुलाई केली असती. पण ते हसले. म्हणाले, "ताई, तुम्ही तर माझ्या सगळ्यात प्रामाणिक पालक. तुमची यादी मी बाकीच्यांना दाखवतो, असं कळवायचं म्हणून. आपण दोघं मिळून तिला घडवतोय." आपण दोघं! खोटं काही नव्हतं ना त्यात.

तेवढ्यात नवरा आला. हाताला अजून ग्रीस. मी रडत, शिव्या देत, अर्धवट सगळं सांगितलं आणि म्हटलं, हिला आत्ताच्या आत्ता घरी न्यायचं. लेक माझ्या अंगावर धावून आली. "माझी मॅच आहे मम्मी! एवढं सगळं केलं ते कशासाठी केलं मी?" नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "खेळू दे. मग नेऊ." ती पहिली मॅच जिंकली, दुसरी हरली. मी एकही बघितली नाही, जिन्यात बसून होते. हरल्यावर सर तिच्याकडे निघाले, तर नवरा मध्ये जाऊन उभा राहिला. सर म्हणाले, मध्येच नेलंत तर जागा जाईल, सरकारी नियम आहे, लेखी द्यावं लागेल. नवऱ्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तिची बॅग कुठं आहे?" लग्नानंतर एवढा आवडला नव्हता मला तो कधी.

घरी आणली खरी. मला वाटलेलं, आता सुटलो. पण पोरगी माझ्याशी बोलेना. भांडत नव्हती, रागावून दार आपटत नव्हती, तसं असतं तर मला जमलं असतं. विचारलं की उत्तर द्यायची. हो. नाही. ठीक आहे. माझी नुसती बडबड करणारी पोर, जी शाळेतून आली की पायातले बूट काढायच्या आधी पाच गोष्टी सांगायची, ती मला एक गोष्ट सांगेना. आणि का सांगावी? तिनं अकरा चकल्या माझ्या विश्वासावर खाल्लेल्या.

मला एकच उपाय माहीत, खायला करणं. वड्या केल्या, घावणे केले, तिला आवडतं ते वालाचं बिरडं केलं. ती चपातीचे चार तुकडे करायची, तीन परत डब्यात टाकायची. मी स्वयंपाकघरात आले की हातातला घास खाली ठेवायची. एकदा म्हणाली, "मम्मी, माझ्या ताटात बघू नकोस." त्या आठवड्यातलं तिचं ते सगळ्यात मोठं वाक्य.

काकूंनी मला एक दिवस बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तू तिला जरा सोड. केंद्रावर पाठव माझ्याकडे." मग शाळेनंतर ती यायला लागली. काकूंनी तिला लाटणं दिलं. ज्युडोचं मनगट, पोळ्या अशा लाटायची की माझ्या चारशेच्या पाचशे झाल्या असत्या. आणि लाटता लाटता ती काकूंशी बोलायला लागली. मला शटरच्या बाहेरून आवाज यायचा. मी आत पाऊल टाकलं की दोघी गप्प.

खरं सांगते, मला काकूंचा हेवा वाटला. वाईट वाटला. एक दिवस लेक गेल्यावर मी त्यांना धरलं, "काय बोलते ती तुमच्याशी?"

"तिला विचार."

"मला सांगत नाही ती!"

"मग मी कशी सांगू?"

मी म्हटलं, "काकू, माझ्याकडे काम करता तुम्ही. काढून टाकीन." काकूंनी लाटणं थांबवलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "काढ. उद्या साखरपुड्याच्या तीनशे पोळ्या आहेत, एकटी लाट." मी चडफडत परातीसमोर बसले. थोड्या वेळानं रडायला लागले. काकूंनी रडू दिलं, फक्त कणकेची परात जरा लांब सरकवली.

फेब्रुवारीत त्या लहान मुलीच्या आईनं तक्रार केली. ती, नाडी बांधणारी. बाई धुणीभांडी करणारी, एकटी, तिनं लेखी दिलं. आणि आम्ही तोपर्यंत काय करत होतो? लोक काय म्हणतील, पोरीचं नाव खराब होईल, असलं घोळवत बसलेलो. चौकशी लागली तसे पालकांचे फोन सुरू झाले. एक गृहस्थ म्हणाले, तुमची मुलगी घरी आली, आमच्या आत आहेत. सर्टिफिकेट गेलं तर पुढं खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी गेली. सर कडक आहेत, पण पोरी घडतात ना? मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण फोन ठेवल्यावर वाटलं, वर्षभरापूर्वी मीच हे बोलले असते, याच शब्दांत.

मग चौकशीच्या मॅडमचा फोन आला. मुलींचे जबाब त्यांच्या त्यांच्या जिल्ह्यात घेणार होत्या, आमचा ठाण्याला. मी तोंड उघडलेलं, "येणार म्हणजे काय, नक्की येणार!" म्हणायला. कसं सुचलं माहीत नाही, पण थांबले. फोनवर हात ठेवला आणि लेकीला विचारलं, जायचंय का तुला? ती म्हणाली, "विचार करते."

चार दिवस तिनं विचार केला. चार दिवस मी विचारलं नाही. माझ्या आयुष्यात मी एवढं अवघड काम केलेलं नाही, बाळंतपण धरून. जिभेवर यायचं, मी गिळायचे. नवरा माझ्याकडे बघायचा, त्याला वाटलं माझी तब्येत बिघडलीय. पाचव्या दिवशी मी कणीक मळत होते, ती मागून आली आणि म्हणाली, "मी जाणार आहे ठाण्याला." मी म्हटलं, "बरं." आणि मळत राहिले. कणीक इतकी मऊ झाली की त्या दिवशीच्या पोळ्या फाटल्या.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे कुणी वाट बघायला नको. सरांची बदली झाली. बदली, बस. आता दुसऱ्या गावातल्या मुलींना कोण बघतं, देव जाणे. तो विषय काढला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि आम्ही काही पालक अजून त्या कागदांच्या मागे आहोत. मी सोडणारी नाही. पण मला सांगायचंय ते त्या दिवशीचं.

सरकारी इमारतीचा तिसरा मजला होता. मॅडम पन्नाशीच्या, सुती साडी, कपाटाला खेटून बसलेल्या. त्यांनी लेकीला खुर्ची दिली आणि मला म्हणाल्या, "मुलगी लहान आहे, आईनं सोबत बसलेलं चालतं. तुमचा हक्क आहे." मी खुर्ची ओढायला हात घातला.

लेक म्हणाली, "मम्मी, तू बाहेर थांब."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची होती तिथं ठेवली आणि बाहेर आले. दार बंद झालं. बाहेर लाकडी बाकडं होतं, त्यावर नवरा बसलेला. दीड तास. आधी मी बाकड्यावर बसले, मग उठले, मग दाराशी गेले. लपवत नाही, कान लावायला गेलेले. नवऱ्यानं उठून माझं मनगट धरलं आणि परत आणून बसवलं, आणि सोडलंच नाही. शिपायानं पाणी आणून दिलं. आतून काही ऐकू येत नव्हतं. एकदा मॅडमचा आवाज आल्यासारखा वाटला, एकदा काहीच नाही, बराच वेळ. मला वाटत होतं आत जावं आणि म्हणावं, हिला नका विचारू, मला विचारा, मी लिहून दिलंय सगळं.

दार उघडलं. लेकीचे डोळे सुजलेले, पण चेहरा सरळ. मॅडमनी माझ्यापुढे कागद केले. पाच पानं होती, लहान अक्षरात. म्हणाल्या, "पालक म्हणून सही लागेल. आधी वाचून घ्या." मी लेकीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. मी विचारलं, "वाचलंच पाहिजे असं आहे का?" त्या म्हणाल्या, तसं नाही. मग मी शेवटच्या पानावरचा मजकूर तळहातानं झाकला आणि खाली सही केली. सही बँकेतल्यासारखी आली नाही, मॅडम म्हणाल्या चालेल.

जिना उतरताना नवरा पुढं गेला, रिक्षा बघायला. आम्ही दोघी मागं. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली.

"मी तुझं पण सांगितलं," म्हणाली. "तू काय केलंस ते. नाव घेऊन सांगितलं."

"बरं केलंस," मी म्हटलं.

"तुझा फार राग आला होता मला. अजून येतो."

"येऊ दे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी आणखी काहीतरी बोलेन, समजावेन, रडेन, असं तिला वाटत असावं. मी गप्प उभी राहिले. मग तिनं पायरीवर बसकण मारली आणि बोलायला लागली. पहिल्या वर्षापासून. नवरा खालून हाका मारत होता, रिक्षावाला थांबत नव्हता, तो गेला, दुसरी रिक्षा आली, तीही गेली. ती बोलत होती आणि मी तिच्या शेजारी त्या सरकारी पायरीवर बसून ऐकत होते.

काय बोलली ते लिहिणार नाही. ते तिनं मला सांगितलंय.